जीपीएस गेलं तर वेळ कुणाला विचारायची?

मागच्या अंकात मी जीपीएससारख्या उपग्रहांच्या संदेशात गडबड झाली की काय काय अडतं, यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता: मग याला पर्याय काय? माझी नोकरीची सगळी वर्षं दूरसंचार जाळ्यांमधली घड्याळं एकमेकांशी जुळती ठेवण्यात गेली. त्यामुळे उत्तरांत वेळेचा भाग जास्त येईल. तो यायलाच हवा. जागेबद्दल सगळे बोलतात, वेळेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

प्रश्न: एकट्या जीपीएसवर आता कोण अवलंबून आहे? माझ्या साध्या फोनमध्येसुद्धा ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदू, नाविक एवढ्या इतर उपग्रह यंत्रणांची नावं दिसतात. एक बंद पडलं तर दुसरं आहेच. वेगळा पर्याय हवाच कशाला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

बिघाड एकाच यंत्रणेच्या आत झाला तर दुसरी कामी येते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर बंद होती. दोष जमिनीवरच्या यंत्रणेत होता. ज्यांचे रिसीव्हर जीपीएसही घेत होते, त्यांना काही जाणवलंही नाही.

पण या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर किंवा त्याहून वर, त्यांचा संदेश काही डझन वॅटचा. जमिनीवर पोचेपर्यंत त्याचं काय उरतं? एका वॅटचे एक कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा, साधारण तेवढं. शिवाय या सगळ्या यंत्रणा एकमेकींच्या अगदी शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर बोलतात. त्यामुळे त्याच फ्रिक्वेन्सींवर गोंगाट करणारा, खिशात मावणारा जॅमर एकाच वेळी सगळ्यांची तोंडं बंद करतो. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका ट्रकचालकाने, मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून, गाडीत असा जॅमर लावला होता. विमानांना उतरायला मदत करणाऱ्या यंत्रणेत त्याने व्यत्यय आला आणि २०१३ मध्ये त्याला मोठा दंड झाला. विमानतळाला त्रास देणं त्याच्या मनातही नव्हतं.

स्पूफिंग त्याहून वाईट. त्यात खोटा संदेश पाठवला जातो आणि रिसीव्हर तो खरा मानतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोवोरोसिस्क बंदराजवळ वीसहून अधिक जहाजांचे रिसीव्हर आपण किनाऱ्यापासून आत, एका विमानतळावर आहोत असं दाखवत होते.

म्हणून पर्याय समोर आला की मी एकच गोष्ट विचारते: हा ज्या कारणाने बंद पडेल, ते कारण उपग्रहांच्या कारणाहून वेगळं आहे का? वेगळं नसेल तर तो पर्याय नव्हे, ती आणखी एक प्रत. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवरून अशी सेवा देण्याचे प्रयत्न सुरू आहेत, आणि त्यांचा संदेश कितीतरी जोरकस असतो. उपग्रह-फोनची सेवा देणाऱ्या इरिडियमचे उपग्रह ७८० किलोमीटरवरच आहेत. बंद इमारतीतही त्यांचा संदेश पोचतो, म्हणून मी या पर्यायाला अर्धे गुण देईन. उरलेले अर्धे जमिनीवरून येणाऱ्या संदेशासाठी राखून ठेवेन.

प्रश्न: रस्ता शोधायला जीपीएस लागतं हे समजलं. पण वेळेसाठी उपग्रह कशाला? घड्याळं तर पूर्वीही होतीच की. (बँकेतून निवृत्त झालेले वाचक)

हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला.

मोबाइलच्या टॉवरपासून सुरुवात करते. फोर-जीच्या एका प्रकारात आणि बहुतेक फाइव्ह-जीमध्ये टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटून पालटून बोलतो आणि ऐकतो. शेजारचे सगळे टॉवर एकाच क्षणी बोलले आणि एकाच क्षणी गप्प झाले, तरच हे जमतं. एकाचं घड्याळ सरकलं की तो दुसऱ्याच्या ऐकण्याच्या वेळात बोलू लागतो, आणि दूरच्या फोनचा क्षीण आवाज त्या कल्लोळात बुडतो. म्हणून प्रत्येक टॉवर प्रमाणवेळेपासून फार तर दीड मायक्रोसेकंद मागे किंवा पुढे चालतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

विजेचंही तसंच. उच्चदाबाच्या तारेवर कुठेतरी बिघाड झाला की धक्क्याची लाट दोन्ही टोकांकडे धावते. दोन्ही टोकांना ती केव्हा पोचली, यावरून बिघाडाची जागा काढतात. दोन टोकांच्या घड्याळांत एका मायक्रोसेकंदाचा फरक असेल तर जागा दीडशे मीटरने चुकते. दहा मायक्रोसेकंदांचा असेल तर दुरुस्तीची माणसं दीड किलोमीटर दूरच्या मनोऱ्याखाली उभी. तुमच्या बँकेच्या जगातही, अतिजलद शेअर व्यवहार करणाऱ्यांनी आपली घड्याळं प्रमाणवेळेशी १०० मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावीत असा नियम युरोपात २०१८ पासून आहे.

या सगळ्या ठिकाणी गच्चीवर उपग्रहांकडून वेळ घेणारी एक छोटी, टोपीसारखी अँटेना असते. तिची केबल खाली रॅकमधल्या एका डब्यात जाते. अँटेनाचा संदेश तुटला की तो डबा आपल्या आतल्या घड्याळावर चालू राहतो. आम्ही याला होल्डओव्हर म्हणतो. खरी गोम इथे आहे: हे आतलं घड्याळ किती वेळ तग धरतं?

डब्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. तो एका गरम कप्प्यात ठेवलेला असतो, म्हणजे बाहेरच्या तापमानाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. असा चांगला स्फटिकसुद्धा म्हातारा होत जातो. त्याचा वेग दिवसाला एका अब्जांशाच्या दहाव्या हिश्शाने सरकत असेल, तर पहिल्याच दिवशी चार मायक्रोसेकंदांहून जास्त चूक साचते. दीडची मर्यादा दिवस संपायच्या आधीच ओलांडली. रुबिडियमच्या अणूंवर चालणारं घड्याळ साधारण एक-दोन दिवस निभावतं. सीझियमचं घड्याळ, म्हणजे ज्याच्या ९,१९२,६३१,७७० आंदोलनांवर १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच बेतलेली आहे, ते महिनाभर टिकतं. पण सीझियम महाग आणि त्याची नळी काही वर्षांनी बदलावी लागते. ते प्रत्येक टॉवरखाली ठेवता येत नाही.

हे कागदावरचं प्रत्यक्षात कसं दिसतं तेही सांगते. एका ठिकाणी गच्चीवर अँटेनाच्या अगदी लगत पाण्याची नवी टाकी बसवली गेली आणि आकाशाचा बराच भाग झाकला. डबा होल्डओव्हरमध्ये गेला. समोरचा हिरवा दिवा पिवळा झाला, पण फोन नीट लागत होते, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या त्या शेजारच्या टॉवरच्या भागातून. तिथलं रेडिओ युनिट बदललं, केबल बदलल्या, तरी तक्रारी चालूच. दोष ज्या टॉवरचा, त्याच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. वेळेचा बिघाड असाच असतो. दुखतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे.

आणि संदेश न तुटताही हे होतं. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे अनेक उपग्रहांवर प्रमाणवेळेच्या दुरुस्तीचा चुकीचा आकडा चढला. फरक सुमारे १३ मायक्रोसेकंदांचा. रस्ता दाखवणारे रिसीव्हर ठीक चालले, कारण जागा काढायला तो आकडा लागत नाही. वेळ घेणारी यंत्रं मात्र जगभर कित्येक तास ओरडत होती. ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओच्या प्रसारणातही व्यत्यय आला.

प्रश्न: सगळीकडे फायबर पोचलंय. वेळ त्यातूनच का पाठवत नाहीत? (नेटवर्कमध्ये काम करणारी वाचक)

पाठवतात, आणि वेळेपुरता मला सगळ्यात जवळचा वाटणारा पर्याय हाच. जॅमरचा फायबरवर काही परिणाम होत नाही.

इंटरनेटवरून घड्याळ लावायची एनटीपी ही पद्धत १९८५ पासून आहे. ती मिलिसेकंदांपर्यंत नेते, टॉवरला ते पुरत नाही. २००२ मध्ये पीटीपी ही अधिक अचूक पद्धत आली. तिच्यात वाटेतली उपकरणं आपल्यामुळे किती उशीर झाला याचीही नोंद देतात. पण दोन्हींच्या मुळाशी एक गृहीतक आहे: संदेश जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच परत यायला लागला. आपण फेरीचा वेळ मोजतो आणि निम्मा करतो.

हे गृहीतक कुठे मोडतं ते तुम्ही रोज हाताळत असाल. जाण्यासाठी एक धागा, येण्यासाठी दुसरा. रस्ता खोदताना केबल तुटते, रात्री दुरुस्ती होते आणि एकच धागा वेगळ्या वाटेने फिरवला जातो. समजा तो चाळीस मीटरने लांब झाला. काचेत प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे चाळीस मीटरला दोनशे नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग). त्याचा निम्मा, शंभर नॅनोसेकंद, घड्याळ कायमचं सरकलं. डेटा बिनचूक चालतो, कुठलाही अलार्म येत नाही, मोजमापाच्या वहीत काही दिसत नाही. असे पाच-सहा जोड एका मार्गावर साचले की दीड मायक्रोसेकंदातला मोठा घास गेला. म्हणून माझा आग्रह असायचा की दुरुस्तीच्या नोंदीत धाग्याची लांबी लिहाच, दोन्ही धाग्यांची वेगवेगळी लिहा.

यावरचा सगळ्यात देखणा तोडगा जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून आला. त्याचं नाव व्हाइट रॅबिट. कणांच्या प्रवेगकाची यंत्रं कित्येक किलोमीटर पसरलेली, आणि ती एका नॅनोसेकंदाच्या आत जुळायला हवी होती. त्यांनी जाणं-येणं एकाच धाग्यातून, दोन वेगळ्या रंगांच्या प्रकाशाने केलं. ऊन-थंडीने फायबर लांबतो-आखडतो तेव्हा दोन्ही दिशा सारख्याच बदलतात. दोन रंगांच्या वेगातला फरक आधी मोजून वजा केला जातो. २०१९ मध्ये ही पद्धत पीटीपीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाली.

फायबरची अडचण एवढीच की ते हलणाऱ्या वस्तूला बांधता येत नाही. जहाज, विमान, गाडी यांना हवेतूनच काहीतरी यायला लागतं.

प्रश्न: मी बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर होतो. आमच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, लोरान असायचं. ते बंद का केलं? आणि आता तेच परत आणायच्या गोष्टी का चालल्या आहेत? (निवृत्त नाविक अधिकारी)

तुम्ही वापरलं ते लोरान-सी असणार, १०० किलोहर्ट्झवरचं. जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या रेडिओ संदेशांवरून जागा काढणाऱ्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लोरानची ही पुढची पिढी. दोनेकशे मीटर किंवा त्याहून उंच मनोरे, शेकडो किलोवॅटचे स्पंद, आणि तीन किलोमीटर लांबीची लहर जमिनीला धरून हजारभर किलोमीटर जाते. हा संदेश जीपीएसच्या लाखो पटींनी जोरकस असतो. तो दाबायचा तर तसाच मनोरा उभारावा लागेल, आणि मनोरा कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

त्यातली एक युक्ती मला आजही थक्क करते. स्पंद निघाला की एक भाग जमिनीलगत येतो, दुसरा वरच्या आयनांच्या थरावरून परतून येतो. हा दुसरा भाग दिवसरात्रीप्रमाणे बदलतो, त्यावर विसंबता येत नाही. पण तो थोडा उशिरा, निदान पस्तीसेक मायक्रोसेकंदांनी पोचतो. म्हणून रिसीव्हर स्पंदाच्या तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी, म्हणजे तिसाव्या मायक्रोसेकंदालाच वेळ टिपून मोकळा होतो. वरून येणारा भेसळीचा भाग तोवर पोचलेलाच नसतो.

बंद केलं ते खर्चापायी. जीपीएस फुकट आणि जास्त अचूक. लोरान-सी सुमारे पाव सागरी मैलापर्यंत भरवशाचं. अमेरिकेने ते ८ फेब्रुवारी २०१० ला बंद केलं, आणि २०१५ च्या अखेरीस युरोपातले बहुतेक मनोरे शांत झाले. उपग्रहांवरच सगळी भिस्त ठेवू नका असा अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या व्होल्पे केंद्राचा अहवाल २००१ मध्येच आला होता, तरीही. मला हा निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला होता.

आता ज्याची चर्चा आहे ते ई-लोरान. मनोरे आणि स्पंद साधारण तेच, पण प्रत्येक मनोऱ्यावर स्वतःची अणुघड्याळं. स्पंदांमधून दुरुस्तीचे आकडेही पाठवले जातात. मुख्य दुरुस्ती जमिनीची. खाऱ्या पाण्यावरून लहर जवळजवळ ठरल्या वेळेत येते, कोरड्या खडकाळ जमिनीवरून रेंगाळते. बंदराच्या परिसरात हा उशीर आधी मोजून नकाशात भरला, तर जागा दहा-वीस मीटरपर्यंत मिळते आणि वेळ शंभर नॅनोसेकंदांच्या आत. उत्तरेकडून होणाऱ्या जॅमिंगला कंटाळलेल्या दक्षिण कोरियाने ही वाट धरली. चीन आणि रशियाने आपली लोरानसारखी यंत्रणा कधी मोडलीच नाही.

उणीवही सांगते. ई-लोरान उंची सांगत नाही. विमानाला ती दुसरीकडून घ्यावी लागते. विमानांकडे त्यांचं स्वतःचं जुनं साधन अजून आहे. डीएमई नावाच्या यंत्रणेत विमान जमिनीवरच्या केंद्राला हाक मारतं, केंद्र बरोबर ५० मायक्रोसेकंद थांबून उत्तर देतं, आणि गेलेल्या वेळेवरून अंतर निघतं. अशी दोन-तीन अंतरं मिळाली की जागा कळते. ही केंद्रं जुनी झाली म्हणून मोडीत काढू नयेत.

प्रश्न: फोनमध्ये वेग मोजणारा सेन्सर असतो. त्यावरूनच, बाहेरचा कुठलाही संदेश न घेता, जागा काढता येणार नाही का? मी ड्रोन बनवतो. (कॉलेजचा विद्यार्थी)

तत्त्व बरोबर आहे, पाणबुड्या आणि विमानं हेच करतात. पण तो सेन्सर वेग नव्हे, त्वरण मोजतो. त्वरणाची बेरीज म्हणजे वेग, वेगाची बेरीज म्हणजे अंतर. चूकही दोनदा बेरजेतून जाते, म्हणून ती वेळेच्या वर्गाने फुगते. सेन्सर गुरुत्वाच्या फक्त एक हजारांश इतकं चुकत असेल, तर एका मिनिटात तुमचा ड्रोन कागदावर साडेसतरा मीटर सरकलेला असतो आणि दहा मिनिटांत पावणेदोन किलोमीटर. प्रवासी विमानातली लेझर जायरोची, म्हणजे प्रकाशावरून वळणं मोजणारी, यंत्रणा तासाला साधारण एक सागरी मैल चुकते, आणि ती अतिशय महागडी असते.

म्हणून अशा यंत्रणेला मधूनमधून काहीतरी खरं दाखवावं लागतं. गाडीत चाकांचे फेरे आणि रस्त्याचा नकाशा. ड्रोनला खाली पाहणारा कॅमेरा. तुम्ही कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करा.

प्रश्न: क्वांटम कंपास आला की हे सगळे प्रश्न सुटतील असं वाचलं. खरं का? (शिक्षक)

इतक्यात नाही. क्वांटम कंपास म्हणजे अतिथंड अणूंवरून त्वरण मोजणारं यंत्र, आणि तशी यंत्रं आहेत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने आपलं यंत्र २०२३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर नेऊन तपासलं. त्यांच्यात चूक फार हळू साचते, पण साचते. आणि आकार अजून खिशाचा नाही. लांब समुद्रप्रवासासाठी मला यातून आशा आहे, फोनसाठी नाही.

प्रश्न: सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून जागा काढायचं साधन) शिकण्यात आता काही अर्थ आहे का? (शिडाच्या बोटीची आवड असलेली वाचक)

जरूर शिका. अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेलं हे शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. सरावलेल्या हाताला एक-दोन सागरी मैलांपर्यंत जागा मिळते. खुल्या समुद्रात तेवढं पुरतं. फक्त घड्याळ सांभाळा: चार सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्तावर एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, बाजूला जाल.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या सर्व्हर खोलीत संगणकांना वेळ सांगणारं, जीपीएसवर चालणारं एकच टाइम सर्व्हर आहे. आम्ही आमच्या पातळीवर काय करावं? (संगणक विभागप्रमुख)

आधी स्रोत वाढवा. दोन स्रोत ठेवू नका. दोघांत मतभेद झाला तर खोटा कोण ते कळत नाही. तीन असले तर बहुमत होतं. चार ठेवा, म्हणजे एक बंद पडला तरी तीन उरतात. त्यातले निदान दोन फायबरवरून, वेगवेगळ्या संस्थांकडून यावेत, आणि त्या संस्था स्वतः वेळ कुठून घेतात तेही विचारा. चौघेही शेवटी आपापल्या गच्चीवरच्या जीपीएसकडेच बोट दाखवत असतील, तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे. काही देशांत रेडिओवरून वेळ प्रसारित होते. जर्मनीत ७७.५ किलोहर्ट्झवर, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ६० वर. तुम्ही तशा प्रसारणाच्या टप्प्यात असाल तर तो रिसीव्हरही जोडा. मिलिसेकंदांचं काम असेल तर तो पुरेल.

आतलं घड्याळ कोणत्या जातीचं आहे ते उपकरणाच्या माहितीपत्रात पाहा. साधा स्फटिक असेल तर रुबिडियमचा पर्याय मिळतो का, पुरवठादाराला विचारा. मग एक सुट्टीचा दिवस ठरवा, सगळ्यांना आधी कळवा, आणि अँटेनाची केबल हाताने काढा. किती वेळाने कुठला दिवा बदलतो, ती सूचना कुणाच्या फोनवर जाते, आणि संध्याकाळपर्यंत घड्याळ दुसऱ्या स्रोतांच्या तुलनेत किती सरकतं, हे तासातासाला लिहून ठेवा. सूचना कुणालाच गेली नाही, तर आधी तेवढं दुरुस्त करा आणि नवीन खरेदीचा विचार नंतर. आकडे आले की मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.